उतारवयातली सवड कुठे गेली?

निवृत्त होऊन पाच-सात वर्षे झालेल्या एखाद्या गृहस्थाला मंचरच्या बाजारपेठेत गाठावे आणि ‘काय, हल्ली निवांत ना?’ असे सहज विचारावे. उत्तर बहुधा ठरलेले असते. ‘निवांत कसला घेऊन बसलात! नोकरीत होतो तेव्हा निदान रविवार तरी मिळत होता.’ हेच उत्तर नारायणगावची आजीबाई देईल, ओतूरचा म्हातारा बागाईतदार देईल आणि घोडेगावच्या कचेरीबाहेर कागदांची पिशवी सांभाळत बसलेला माणूसही देईल. कामाचा भार उतरला, पण धावपळ मात्र वाढली, असे हे कोडे आहे. तरुण मंडळी त्याला म्हातारपणाची कुरकुर म्हणून सोडून देतात. पण या कोड्याला एक इतिहास आहे, आणि तो आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मातीत चांगला वाचता येतो.

आरंभ नाणेघाटापासून करू. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा सुप्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे, तो इसवी सनापूर्वीचा मानतात. बहुतेक अभ्यासक तो राणी नागनिकेचा समजतात. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची भली मोठी यादी आहे. किती गाई दिल्या, किती हत्ती-घोडे, किती कार्षापण, सारे आकड्यांनिशी लिहिले आहे. पण त्या यादीआधी राणीचे जे वर्णन येते ते विचार करण्यासारखे आहे. ती महिना-महिना उपवास करणारी, घरात राहूनच तपस्विनीसारखे आयुष्य काढणारी अशी आहे. पती निवर्तलेला, मुले लहान आणि राज्याचा कारभार डोक्यावर! म्हणजे आमच्या तालुक्यातल्या उत्तरायुष्याची ही सर्वांत जुनी नोंद पाहिली, तर तीही व्रतांनी, हिशेबांनी आणि जबाबदाऱ्यांनी गच्च भरलेली आहे. ‘पूर्वीची माणसे उतारवयात निवांत असत’ हे विधान करण्यापूर्वी नाणेघाट एकदा चढून यावा.

शिवाय पूर्वी उतारवयच किती जणांच्या वाट्याला येई? स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. बालमृत्यू त्या वेळी फार, म्हणून ही सरासरी इतकी खाली; तिशीत सगळेच मरत असा तिचा अर्थ नव्हे. तरीही साठीनंतरची वीस वर्षे ही चैन थोड्यांचीच होती. आज ती घरोघर आहे. गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ, अशी आखणी शास्त्रकारांनी केली खरी. परंतु एवढ्या लोकांना एवढा लांब वानप्रस्थ लाभेल आणि तो भरायचा कशाने, हा प्रश्न इतक्या मोठ्या प्रमाणावर कोणत्याच पिढीपुढे उभा राहिला नव्हता.

आता वेळेकडे वळू. आमच्याकडचा जुना दिवस साठ घटिकांचा. घटिका म्हणजे चोवीस मिनिटे, आणि साडेसात घटिकांचा एक प्रहर. पाण्यात सोडलेले भोक पाडलेले वाटीसारखे घटिकापात्र भरून बुडाले की एक घटिका झाली. लग्नाचा मुहूर्त सोडला तर सामान्य माणसाला त्या पात्राशी फारसे कर्तव्य नसे. दिवस कासराभर वर आला, गुरे सुटली, दिवेलागण झाली, एवढ्यावर त्याचे भागे. मग घड्याळ आले. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ मिळाली. मुंबई शहराची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती, आणि मुंबईकरांनी ती हट्टाने पुढे कित्येक दशके सांभाळली. जुन्नरचा हिशेब केला, तर आमचा सूर्य या प्रमाणवेळेच्या सरासरी ३४ मिनिटे मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा शिवनेरीवर खरी दुपार व्हायला अर्धा तास बाकी असतो! प्रमाणवेळेने आमच्या माणसाला रोज अर्धा तास आधी उठवले, असे गमतीने म्हणता येईल.

पण नुसत्या घड्याळाने घाई होत नाही. आमच्या तालुक्यांत आगगाडी आजवर आलेली नाही. आली ती एस. टी. राज्यातली पहिली एस. टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, धावली. नंतर ती खेडोपाडी पोचली आणि ‘सातची गाडी’, ‘मुक्कामाची गाडी’ ही खेड्यातली घड्याळे झाली. तरी त्या गाडीची वाट पाहावी लागे. पिंपळाच्या पारावर तासभर बसणे हा प्रवासाचाच भाग होता. त्या तासात चार माणसे भेटत, लग्ने जमत, भांडणे मिटत. त्या वाट पाहण्याला कोणी ‘वेळ फुकट गेला’ म्हणत नसे.

खरा पालट झाला तो पाण्याने. पूर्वी पूर्वेकडच्या गावांत बाजरी, ज्वारी, हरभरा, आणि विहिरीवर थोडेसे बागाईत. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात भात, नाचणी, वरई आणि हिरड्याची वेचणी. पाऊस संपला, सुगी झाली, खळे उठले की वर्षाला एक शेवट येई. चैत्र-वैशाख हे जत्रांचे महिने. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडत आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येत. ती प्रथा अजूनही टिकून आहे. म्हणजे सवड ही त्या काळी कोणा एकट्याची मर्जी नव्हती. ती पंचांगात होती, आणि साऱ्या गावाला एकाच वेळी मिळत होती. शेजारी रिकामा, म्हणून मीही रिकामा. त्यात कोणाला अपराधी वाटायचे कारण नव्हते.

१९७० नंतरच्या तीन दशकांत कुकडी प्रकल्पाची धरणे एकामागून एक उभी राहिली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालव्यांनी कोरडवाहू रानात ऊस आणला, कांदा आणला, टोमॅटो आणला, द्राक्षे आणली. घरे पक्की झाली, मुले शिकली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु बारमाही पाण्याबरोबर बारमाही कामही आले. एक पीक निघते न निघते तोच दुसऱ्याची रोपे तयार. वर्षाचा शेवटच नाहीसा झाला! टोमॅटो पंचांग पाहत नाही. तो पिकला की त्या दिवशी तोडलाच पाहिजे, आणि बाजारभाव सकाळी एक तर दुपारी दुसरा. शेतीची वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने रात्री येत आली आहे, म्हणून साठीचा शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन पाणी धरायला निघतो. आणि त्याच उसात आता बिबट्याही वस्तीला असतो. ज्या वयात बापाने खळ्यावर घोंगडी टाकून नातवंडांना गोष्टी सांगितल्या, त्या वयात मुलगा मोटार सुरू झाली की नाही हे पाहत जागा असतो.

या हिशेबात आणखी एक बाजू लिहिली पाहिजे. डिंभ्याच्या जलाशयात ज्यांची गावे गेली, त्यांत ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगावही होते. तालुक्याचे नाव राहिले, गाव पाण्याखाली गेले. पश्चिमेच्या कितीतरी आदिवासी कुटुंबांना पुढे पूर्वेच्या बागाईतात मजुरीला यावे लागले. त्यांच्या म्हाताऱ्यांना सवड नाही, ती ‘फार छंद जडले’ म्हणून नव्हे. कामाला सुट्टी म्हणजे चुलीलाही सुट्टी, हे त्यांचे गणित आहे.

आणि बायकांचे काय? जुन्या निवांतपणाची वर्णने करणारे बहुतेक पुरुष आहेत. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला विचारले असते, तर तिने वेगळाच इतिहास सांगितला असता. दोन पायली दळण, मग पाणी, मग शेण, मग चूल, मग शेत. ग्यी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढ्या ओव्या सुचल्या, याचा अर्थ तेवढे तास हात जात्याच्या खुंट्याला होते. पुढे पिठाची गिरणी आली, नळ आला, गॅस आला. वाचलेले तास मग कुठे गेले? अमेरिकेत रूथ श्वार्ट्‌झ कोवन या विदुषीने १९८३ साली आपल्या ग्रंथात दाखवले, की घरकामाची यंत्रे आली तरी गृहिणीचे काम घटले नाही. यंत्राने पुरुषांचे आणि मुलांचे हात मोकळे केले. शिवाय स्वच्छतेच्या आणि स्वयंपाकाच्या अपेक्षा वाढल्या. आमच्याकडेही तेच घडले. पूर्वी भाकरी आणि कोरड्यास यावर दिवस निघे. आता नातवाचा डबा वेगळा, आजोबांचे पथ्य वेगळे, सुनेची नोकरीची वेळ वेगळी. जाते थांबले, आजी थांबली नाही.

यात गेल्या काही वर्षांत एका नव्या कामाची भर पडली आहे. ते म्हणजे दुसऱ्यांचे काम. पिकांची नोंद पूर्वी तलाठी करी. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलमध्ये छायाचित्र काढावे असे ठरले. सोय मोठी आहे, पण तलाठ्याचे काम सत्तरीच्या हातात आले. बँकेत कारकून जे करी ते यंत्रापुढे उभे राहून आपण करतो. केवायसी, अंगठ्याचा ठसा, ओटीपी, आणि ऐन दिवाळीच्या आगेमागे, नोव्हेंबरात, निवृत्तांचा हयातीचा दाखला! आपण जिवंत आहोत हे सिद्ध करणे हेही एक कामच झाले. यांतले प्रत्येक काम पाच मिनिटांचे म्हणतात. पण प्रत्येकाला स्वतःची शेवटची तारीख असते, आणि एकही काम दुसऱ्याशी जोडून होत नाही. नांगरट कष्टाची खरी, पण ती करताना मन एका तासावर असे. ही कामे हलकी आहेत, पण मनाचे दहा तुकडे करतात.

उरला मनाचा भाग. फ्रेंच तत्त्ववेत्ता पॉल जाने याने असे प्रमाण मांडले होते, की दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष आयुष्याच्या दहाव्या हिश्शाएवढे वाटते, तर साठीच्या माणसाला साठाव्या. विल्यम जेम्स याने १८९० च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात त्याची चर्चा केली आणि पुढे म्हटले, की नवे अनुभव कमी झाले की वर्षे पोकळ होतात आणि आठवणीत आक्रसतात. वर्ष आक्रसते आणि हातही मंदावतात. तरुणपणी तासाभरात होणाऱ्या कामाला अर्धा दिवस लागतो. पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५५ साली गमतीने मांडले, की हाताशी जितका वेळ असेल तितके काम पसरते. आणि उदाहरण दिले ते एका वृद्ध बाईचे, जिला एक पोस्टकार्ड लिहून टाकायला सबंध दिवस पुरतो. ते वाचून आपण हसतो. पण त्या बाईला चष्मा शोधून देणारे, पत्ता सांगणारे, पेटीपर्यंत जाणारे घरात कोणीच नव्हते, हे त्या विनोदात येत नाही.

माझ्या मते आमच्या गावांतल्या कोड्याची मुख्य किल्ली इथेच आहे. दहा-बारा माणसांच्या घरात आजोबा फक्त बी-बियाण्याचे बघत, आजी फक्त लोणची आणि बाळंतिणी. किल्ल्या सुनेच्या कमरेला गेल्या की मोकळ्या होत. आज मुले पुण्याला, चाकणला, मुंबईला. वाड्यात दोघेच. बारा जणांत वाटले जाणारे काम आता दोघांत आले आहे, आणि तेही गुडघे दुखणाऱ्या दोघांत. कामे पूर्वीपेक्षा थोडी असतील, पण ती उचलणारे हात त्याहून थोडे झाले.

म्हणून या दिवाळीत गावी गेलेल्या लेकी-लेकांनी ‘आता आराम करा’ हा उपदेश आईवडिलांना करू नये. आराम कसा करावा हे त्यांना कळते. त्यापेक्षा त्यांच्या पिशवीतले कागद एकदा पाहावेत. हयातीचा दाखला, पीक पाहणी, औषधांची चिठ्ठी, विजेचे बिल यांपैकी दोन गोष्टी वर्षभरासाठी आपल्याकडे घ्याव्यात, आणि त्या विसरू नयेत. परसातली भाजी, गोठ्यातली गाय, नातवाचे पाढे ही कामे मात्र त्यांच्याकडून काढून घेऊ नयेत. ती त्यांना जड नसतात. पूर्वी सवड पंचांग वाटून देई. आता कालव्याला सुगी नाही आणि मोबाइलला अमावास्या नाही, तेव्हा ती घरातल्या माणसांनीच एकमेकांना वाटून द्यावी लागेल. भाऊबीज उरकून पुण्याची गाडी पकडण्याआधी एवढे करायला एक दुपार पुरते.