दुपारचा अर्धा तास

मंडळी, शेतावर ऊन डोक्यावर आले की औत सुटते. बैलांना पाणी दाखवायचे, वैरण टाकायची आणि झाडाखाली बसून भाकरी खायची, हा आपला जुना रिवाज. बैल दमला की धन्याला ते डोळ्यांनी दिसते. पण वाफेचे इंजिन कुठे दमते? ते चालू आहे तोवर त्याच्यापुढच्या माणसानेही थांबू नये, असा मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी न्याय होता.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून, साताऱ्याकडून आणि पुणे जिल्ह्यातूनही माणसे गिरणीत गेली. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम. सुट्टीच्या दिवशीही यंत्रे पुसायला बोलावणे यायचे. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने ७ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ तासांचे काम आणि रोज एक तास विश्रांती ठरवून दिली. मोठ्या माणसांच्या पदरात मात्र काहीच पडले नाही.

याविरुद्ध आवाज उठवणारे पत्र आपल्या पुण्यातले, बरे का! सत्यशोधक समाजाचे कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेऊन चालवले. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. अर्धा तास! एवढ्यासाठी साडेपाच हजार माणसांना सही करावी लागली.

सहा वर्षे चिकाटीने गेली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने दुपारी १२ ते २ च्या दरम्यान अर्धा तास काम बंद ठेवण्याचे बंधन घातले. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने आणखी स्पष्ट सांगितले : सलग ५ तासांहून अधिक काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम घेतले, तर त्या जादा वेळेचे दाम दुप्पट.

यातले मर्म ध्यानात घ्या. जेवणाच्या वेळेचा पगार सहसा मिळत नाही, कारण तो वेळ कामगाराचा स्वतःचा असतो. मग एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात काम, असे झाले तर ती विश्रांती कसली? ते कामच झाले, आणि केलेल्या कामाचे दाम द्यायलाच हवे. मालकाने फुकट घेतलेली रोजची पंधरा मिनिटे २४ दिवसांत सहा तास होतात.

गुरुजी, हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. आज गावोगावची मुले चाकण, पिंपरीच्या कारखान्यांत जातात. त्यांना सांगा की हा अर्धा तास कुणी मेहेरबानीने दिलेला नाही. आणि मंडळी, आपल्या शेतावर रोजाने येणाऱ्या बाईच्या भाकरीची वेळही तिचीच, हे आपणही विसरू नये. औत सोडताना बैलाचा विचार करणाऱ्यांना हे सांगायला हवे का?