काचेच्या पेटीतून आलेली झाडे



राजापेठेत अंगणाची घरे जाऊन फ्लॅट उभे राहिले, तशी झाडेही अंगणातून हॉलमध्ये आली. पण रांगत्या लेकराचे काय? हाताला लागेल ते तोंडात! म्हणून या झाडांचे मूळ शोधायला बसले.

१८२९ मध्ये लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून नेचा आणि गवत उगवले. त्यावरून त्यांनी काचेची बंद पेटी केली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून लंडनहून निघालेली रोपे समुद्रमार्गे सिडनीला जिवंत पोचली. पुढे चीनमधला चहा याच पेट्यांतून हिमालयात आला आणि उष्ण रानांतली झाडे युरोपच्या दिवाणखान्यांत गेली.

ठिपकेदार पानांचे डिफेनबॅकिया मूळचे अमेरिकेतल्या उष्ण रानांतले. नाव मात्र व्हिएन्नाच्या शोनब्रुन बागेतले माळी जोसेफ डिफेनबाख यांचे. वेस्ट इंडीजमध्ये त्याला ‘मुका ऊस’ म्हणत, कारण चावले की जीभ सुजते, बोलता येत नाही. उसाच्या मळ्यांत गुलामांना शिक्षा म्हणून ते तोंडाला लावत, अशा नोंदी आहेत. तेच झाड आज आपल्या टीव्हीशेजारी असते.

त्याच्या पानाखोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मनीप्लांट त्याच कुळातला, आणि अळूही. अळूवडीला आपण चिंच लावतो ती याच खाजेसाठी.

जुने अंगणही निर्धोक नव्हते. कण्हेर होती, पिवळी कण्हेर होती. तिच्या बिट्ट्यांनी आपण खेळलो. दोन्हींचे विष हृदयावर जाते. पण ती झाडे लेकराच्या अंथरुणाशेजारी नव्हती.

मग झाड उपटून फेकायचे का? तत्त्वार्थसूत्राचा दुसरा अध्याय वनस्पतीला एकेंद्रिय जीव म्हणतो; तिला स्पर्श कळतो. पानातल्या सुया म्हणजे कुणी खाऊ नये म्हणून त्या जीवाने केलेला बचाव. मला फेकणे पटत नाही. डिफेनबॅकिया लहान मूल नसलेल्या घरी द्यावे. मनीप्लांट उंच टांगावा, वेल खाली लोंबू देऊ नये. खाली तुळस, जास्वंद, मोगरा ठेवावा. पानाकडे हात गेला, की “त्याला दुखतं बाळा” म्हणावे. कळायला वेळ लागतो, म्हणून तोवर नजर हवीच.

तरीही डिफेनबॅकिया किंवा मनीप्लांटचे पान चावलेच, तर तुकडे काढून तोंड ओल्या फडक्याने पुसा, घोटभर पाणी द्या, उलटी करवू नका. सूज दिसली किंवा श्वास लागला, तर पान सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. कण्हेर किंवा बिट्टी तोंडात गेली असेल, तर लक्षणांची वाटही पाहू नका.