पणजीचं माहेरचं नाव

मंडळी, रावपुऱ्यातल्या टॉवरला आपण नुसतं ‘टॉवर’ म्हणतो. त्याचं पूर्ण नाव चिमणाबाई टॉवर. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेबांच्या स्मरणार्थ १८९६ साली तो बांधला. पण राणीसाहेब तंजावरहून आल्या तेव्हा त्या लक्ष्मीबाई मोहिते होत्या. १८८० साली लग्न झालं आणि त्या चिमणाबाई झाल्या. १८८५ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षअखेरीस देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई लग्न होऊन आल्या, आणि त्यांचंही नाव ठेवलं चिमणाबाई! म्हणून इतिहासात ‘पहिल्या’ आणि ‘दुसऱ्या’ असं मोजत बसावं लागतं.

नाव महाराजांचंही बदललं होतं. कवळाण्याचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि तिसरा सयाजीराव झाला. पण गोपाळची गोष्ट बडोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. लक्ष्मीबाई आणि गजराबाई किती जणांना आठवतात?

जुन्या काळी नाव घराण्याचं असे. आजोबांचं नातवाला, पणजीचं नातीच्या मुलीला. नाहीतर देवाचं. खंडेराव आणि मल्हारराव हे गायकवाडांतले सख्खे भाऊ, आणि दोन्ही नावं एकाच खंडोबाची. मुलींना नद्या फार: गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, भागीरथी. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू, केरू. मुलीवर मुली झाल्या की मात्र ‘नकोशी’. ते काही दृष्टीसाठी नव्हतं.

यात एक गंमत होती. नातवाला आजोबांचं नाव, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही! मग पोटच्या पोराला हाक कशी मारणार? म्हणून तर घरोघरी बाळ, नाना, बापू, अण्णा, तात्या. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, पण सगळा महाराष्ट्र त्यांना नानासाहेब म्हणतो.

सयाजीरावांच्या घरात पुढच्या पिढीत वारं बदललेलं दिसतं. मुलांत फत्तेसिंह, शिवाजी ही जुनी नावं आहेत, पण धैर्यशीलही आहे. मुलगी इंदिरा, १८९२ ची. ती कूचबिहारला गेली, तिच्या मुली इला, गायत्री, मेनका. इंदिराराजेंनी गायत्रीला लाडाचं नाव ठेवलं आयेशा, तेही एका इंग्रजी कादंबरीतल्या राणीवरून. खंडेराव-मल्हाररावांच्या वाड्यातून तीनच पिढ्यांत इथवर!

आपल्या सामान्य घरांत मात्र लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं की माहेरची गोदा सासरी रमा व्हायची, आणि गोदा फक्त माहेरपणाला उरायची. भाऊ गेले की तेवढीही हाक मारणारं कुणी नाही. श्राद्धात गुरुजी आई, आजी, पणजी अशी तीन पिढ्यांची नावं विचारतात, तिथंही आपण सांगतो ते सासरचंच. आमच्या वंशावळीत पुरुष सात पिढ्यांचे आहेत. बायकांची नावं तीनच पिढ्यांची, आणि माहेरचं नाव एकीचंही नाही.

तुमच्या घरी ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर आजच विचारा: आजीला तिचे भाऊ काय म्हणायचे?