जुन्या घरांतील शिशाची तपासणी

जुन्या बांधकामातील रंग, धूळ, पाणी व अंगणातली माती यांत शिसे आहे काय, असल्यास किती आणि ते माणसाच्या पोटात जाईल अशा अवस्थेत आहे काय, हे ठरविण्याच्या पद्धती. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. घट्ट बसलेल्या रंगातले शिसे सहसा जागचे हलत नाही. रंगाची भुकटी झाली की मात्र ते रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानलेली नाही.

हा धोका राहत्या घरातूनच येतो, हे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे लवकर ध्यानात आले. तेथील डॉक्टर १८९० च्या दशकापासून मुलांमधील शिसेबाधेच्या नोंदी करीत होते. १९०४ मध्ये नेत्रवैद्य जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी तिचा माग व्हरांड्यांच्या रंगविलेल्या कठड्यांपर्यंत नेला. उन्हाने रंगाचे पीठ होई, ते मुलांच्या हातांना चिकटे आणि नखे कुरतडताना वा बोटे चोखताना पोटात जाई. क्वीन्सलंडने १९२२ मध्ये अशा रंगावर कायद्याने निर्बंध घातले. अमेरिकेत घरगुती रंगावरची बंदी यायला १९७८ उजाडले; म्हणून तेथे त्याआधी बांधलेले घर संशयित धरतात.

शिसे रंगात घालण्यामागे कारणे होती. सफेद्याने रंग दाट बसे व टिके, लेड क्रोमेटने पिवळा-नारिंगी रंग झळके आणि शिशाच्या काही संयुगांनी ऑइलपेंट लवकर वाळे. त्यामुळे चुना लावलेल्या भिंतीपेक्षा दारे, खिडक्या, गज आणि जिन्याचे कठडे आधी तपासावेत. खिडकीची फळी चौकटीला घासते तिथे रंग रोज थोडा झिजतो. खालच्या खाचेत साठलेली करडी धूळ बहुधा त्याचीच असते.

रंगाच्या तपासणीत एक्सआरएफ यंत्र सर्वांत सोयीचे. हातात मावणारे हे यंत्र पृष्ठभागाला टेकवले की त्यातील किरणांनी शिशाचे अणू उद्दीपित होतात आणि ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकतात. त्यावरून काही सेकंदांत आकडा मिळतो. रंग खरवडावा लागत नाही आणि वरच्या नव्या हातांखाली दडलेला थरही पकडता येतो. यंत्र महाग आहे व ते चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो. दुसरा मार्ग खवल्याचा: धारदार पात्याने लाकडापर्यंतचे सगळे थर एकत्र काढून नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. वरचाच पोपडा पाठवला तर आजोबांच्या काळातला थर भिंतीवरच राहतो आणि अहवाल मात्र स्वच्छ येतो.

दुकानात मिळणाऱ्या रासायनिक पट्ट्या किंवा बोळे स्वस्त असतात. ऱ्होडिझोनेटचा बोळा शिशामुळे गुलाबी-लाल होतो. पण मूळ रंगच लाल असेल तर निकाल वाचणे कठीण, आणि जिप्समचे प्लास्टर असेल तर शिसे असूनही रंग न पालटण्याची शक्यता असते. सोडियम सल्फाइड शिशाने काळपट पडते, तसे ते इतर काही धातूंनीही पडते. ‘नाही’ असे उत्तर अशा पट्टीवर सोडू नये.

प्रत्यक्ष धोका मोजायचा तर धूळच तपासावी लागते. ठराविक मापाची जागा ओल्या कपड्याने पुसून तो कपडा प्रयोगशाळेत देतात. अमेरिकेत फरशीवरील धुळीतील शिशाची धोक्याची मर्यादा २००१ मध्ये दर चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम होती, ती २०१९ मध्ये १० वर आणली गेली. रंगाचे माप मात्र सैलच राहिले: तेथे जुन्या रंगात वजनाने ०.५ टक्का, म्हणजे दशलक्ष भागांत ५,००० भाग शिसे असेल तेव्हा तो ‘शिसेयुक्त’ ठरतो, तर नव्या रंगाला मर्यादा ९० भागांची. साहजिकच ‘शिसेयुक्त नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘शिसे नाही’ असा घेऊ नये.

पाण्यात शिसे येते ते जुने शिशाचे नळ, डाख आणि पितळी तोट्या यांतून. नमुना रात्रभर नळात साचलेल्या पाण्याचा, सकाळी पहिल्या धारेचा घ्यावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही. उकळल्याने ते जात नाही.

भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाला ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांचा रोख डब्यातल्या नव्या रंगावर आहे. चाळी, वाडे व जुन्या इमारतींत आधीच बसलेल्या रंगाबद्दल ते काही सांगत नाहीत, आणि ही उणीव मोठी आहे. आपल्याकडे दिवाळीआधी रंगारी दारे-खिडक्या कोरड्या पॉलिश पेपरने घासतात, मग लांबी भरतात. घरातली धूळ सर्वाधिक वाढते ती याच वेळी. तेव्हा २०१७ पूर्वीच्या ऑइलपेंटची तपासणी घासकामाआधी करून घ्यावी. ती जमली नाही तर रंग ओला करूनच घासावा, लहान मुले व गरोदर बाई यांना काम संपून ओल्या फडक्याने घर पुसेपर्यंत दुसरीकडे ठेवावे आणि खरवडलेले पोपडे अंगणात किंवा कुंड्यांत टाकू नयेत.