किमया, कल्हई आणि अकरावी

किमया हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो अरबीतून आला हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. त्याच ‘अल्-कीमिया’तून युरोपची अल्केमी आली आणि पुढे केमिस्ट्री. वनस्पतींच्या राखेला अरबीत ‘अल्-कली’ म्हणत. तोच आजच्या पाठ्यपुस्तकातला अल्कली. आपल्या मोहल्ल्यात फिरणारा कल्हईवाला तांब्याच्या भांड्यावर नवसागर घासायचा, पांढरा धूर निघायचा आणि मग कथील चढायचे. तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बारावीच्या प्रयोगशाळेत क्षार ओळखताना तीच बाटली पुन्हा हाती येते. पण तिचे नाव बदललेले असते.

हे नाव नेमके कुठे बदलते? 1975 पूर्वी आपल्याकडे अकरावीला शालान्त परीक्षा होई. मॅट्रिक झालेला मुलगा कॉलेजात जाई आणि प्री-डिग्री, इंटर सायन्स करी. कोठारी आयोगाने सुचवलेला दहा-अधिक-दोनचा आकृतिबंध महाराष्ट्रात आला, 1975 मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि 1977 मध्ये बारावीची. अकरावी-बारावी म्हणजे ‘ज्युनिअर कॉलेज’ हे तेव्हापासून रूढ झाले. ठाण्याचे बांदोडकर, 1972 मध्ये निघालेले कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर अशी महाविद्यालये जवळ असल्याने विज्ञान शाखेसाठी रोज मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. आपल्या मुलामुलींच्या, विशेषतः मुलींच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती.

दार जवळ आले, पण उंबरठा उंचच राहिला. मराठी शाळेतली मुलगी दहावीपर्यंत आम्ल, मूलद्रव्य, संयुग शिकते. उर्दू शाळेतली तेजाब, उन्सुर, मुरक्कब. अकरावीच्या वर्गात दोघींपुढे अ‍ॅसिड, एलिमेंट, कंपाउंड येऊन उभे राहतात. विषय ओळखीचा असतो, भाषा परकी असते. अशा वेळी ‘हिला सायन्स झेपत नाही’ असा निकाल घरचेच देऊन टाकतात.

भाषाच अपुरी होती म्हणावे, तर इतिहास तसे सांगत नाही. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्र मराठीत लिहिले. दक्षिणेतील मुसलमानी राज्यांचा इतिहासही त्यांनीच मराठीत लिहिला. 1918 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानाचे उच्च शिक्षण उर्दूतून दिले गेले, आणि आजचा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. आम्ही इंग्रजी नको म्हणत नाही. इंग्रजी हवीच, पण तिच्याकडे जाणारा पूल हवा.

आणि हे शास्त्र आपल्या दारातच आहे. शहाडचे सेंच्युरी रेयॉन, 2009 मध्ये बंद पडलेले मोहन्याचे एन.आर.सी. इथे लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून, तो द्राव सल्फ्युरिक आम्लात सोडून धागा काढत. या प्रक्रियेत हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्याच्या वासाचा हाच वायू प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून येतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे 2016 आणि मे 2024 मध्ये झालेल्या स्फोटांनी माणसे मारली, घरांच्या काचा फोडल्या. पिंपावर काय लिहिले आहे, कोणते रसायन कशाजवळ ठेवू नये, हे कळणे इथे केवळ गुणांचा प्रश्न नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. दहावीची परीक्षा संपल्यावर अकरावी सुरू होईपर्यंतच्या सुटीत प्रत्येक वस्तीतल्या शिकलेल्या माणसाने चार मुले जमवावीत आणि दोनशे शब्दांची वही करून घ्यावी: एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात उर्दू, तिसऱ्यात इंग्रजी. नवसागर आणि अमोनियम क्लोराइड एका ओळीत आले की पुस्तक आपले वाटू लागते. याला ना अनुदान लागते, ना इमारत.