गंगेचा गडू आणि एक फ्रेंच निबंध

अनुवादासाठी आलेल्या एका लेखात 'बॅक्टेरियोफेज' हा शब्द होता. जीवाणूंना ग्रासणारा विषाणू. मी 'जीवाणुभक्षक' असं लिहिलं आणि अडखळले, कारण हा विषाणू काही खात नाही. तो जीवाणूला चिकटतो, आपलं जनुकद्रव्य आत सोडतो, त्याच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती करवून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या देव्हाऱ्यातल्या गडूतली गंगा नासत नाही, ती यामुळेच ना?" तिने तसं वाचलं होतं. मीही वाचलं होतं.

या समजुतीमागे एक निबंध आहे. आग्र्यात काम करणारे इंग्रज जीवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात तो फ्रेंचमध्ये छापला. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जीवाणू मरतात आणि पाणी उकळलं की हा गुण जातो, असं त्यांना आढळलं होतं. पुढे अनेकांनी हा फेजचा पहिला पुरावा मानला. निबंधाचा उल्लेख होत राहिला, पण मूळ फ्रेंच किती जणांनी वाचलं असेल, कोण जाणे. २०११ साली त्याचा इंग्रजी अनुवाद छापून आला आणि एक अडचण सर्वांसमोर आली. बंद कुपीत तापवलेल्या पाण्याचा गुण टिकत होता. फेज असते तर ते कुपीतही मेले असते. हॅन्किन यांचा स्वतःचा संशय उडून जाणाऱ्या एखाद्या द्रव्यावर होता. म्हणजे गंगेत फेज नाहीत असं नव्हे. जिथे जीवाणू तिथे फेज असतातच. पण या निबंधाने ते सिद्ध होत नाही.

फेजचा खरा शोध नंतरचा. १९१५ साली लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना ही घटना दिसली. १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स देरेल यांना ती आमांशाच्या रुग्णांच्या विष्ठेत सापडली आणि ग्रीक 'खाणे' या धातूवरून त्यांनी तिला नाव दिलं. १९१९ साली आमांश झालेल्या एका मुलाला फेज देण्याआधी त्यांनी ते स्वतः पिऊन पाहिले. १९२७ साली पंजाबात पटकीच्या रुग्णांवरही त्यांनी प्रयोग केले.

मला मात्र जवळचे वाटतात ते जॉर्जियाचे गिओर्गी एलियावा. त्यांनी १९२३ साली तिब्लिसीत संस्था उभारली, देरेलना तिथे बोलावलं आणि त्यांचं पुस्तक रशियनमध्ये आणलं. तो अनुवाद १९३५ साली निघाला. दोनच वर्षांनी स्टालिनच्या राजवटीने त्यांना ठार केलं. देरेल पुन्हा तिकडे गेले नाहीत.

संस्था मात्र टिकली. पेनिसिलिन आल्यावर पाश्चात्त्य देशांनी फेजकडे पाठ फिरवली, पण तिब्लिसीत ते औषध म्हणून वापरात राहिले. त्यांचा गुण आणि अडचण एकच आहे: एक फेज बहुधा एकाच जातीच्या, कधी तर तिच्या काहीच वाणांच्या जीवाणूंना मारतो. त्यामुळे पोटातले उपयोगी जीवाणू वाचतात, पण रुग्णागणिक नेमका फेज शोधावा लागतो. आता प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू वाढल्यावर हा शोध पुन्हा सुरू झाला आहे. २०१६ साली सॅन डिएगोत टॉम पॅटरसन हे प्राध्यापक अशाच जीवाणूमुळे कोमात होते. शिरेतून फेज दिल्यावर ते वाचले.

शेवटी लेखात मी 'फेज' हाच शब्द ठेवला आणि पहिल्या उल्लेखापाशी तो काय करतो ते एका वाक्यात सांगितलं. आईलाही सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग गडूचं काय करू?"

"राहू दे की देव्हाऱ्यात," मी म्हटलं, "फक्त औषध म्हणून कुणाला देऊ नकोस."