शिखरांचे स्मारक

स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौथरा, छत्री किंवा पुतळा उभा राहतो. आपल्याकडे देवळांच्या आवारात आढळणारे वीरगळही याच परंपरेतले. परंतु युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ डोंगरच विकत घेऊन लोकांना अर्पण केल्याचे उदाहरण आम्हांस आढळले ते उत्तर इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टमध्ये.

तेथील ग्रेट गेबल हा पर्वत अवघा ८९९ मीटर उंच. आपल्या कळसूबाईपुढे ठेंगणाच. तथापि सीथवेटच्या वस्तीपासून स्टाय हेड खिंडीमार्गे चढू लागले की त्याचा दरारा जाणवतो. ज्वालामुखीजन्य खडक, निसरड्या धोंड्यांचा खच, आणि क्षणात वाट गिळणारे धुके. याच पर्वताच्या अंगावरील नेप्स नीडल हा सुळका १८८६ मध्ये हॅस्केट स्मिथ यांनी एकट्याने सर केला आणि इंग्लंडमध्ये प्रस्तरारोहणाच्या छंदाला बहर आला.

या छंदातील अनेक तरुण १९१४ च्या महायुद्धातून परतले नाहीत. इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर स्कॉफेल पाइक हे लॉर्ड लेकनफील्ड यांनी १९१९ मध्ये त्या परिसरातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ नॅशनल ट्रस्टला दिले. पुढे फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लबने आपल्या दिवंगत सभासदांसाठी ग्रेट गेबलसह सुमारे ३,००० एकर उंच भूमी खरेदी करून १९२३ मध्ये त्याच संस्थेच्या स्वाधीन केली. ८ जून १९२४ रोजी माथ्यावरील कांस्यपट्टाचे अनावरण झाले. त्या वेळी भाषण केले जेफ्री विन्थ्रॉप यंग यांनी. युद्धात १९१७ मध्ये पाय गमावलेला हा गिर्यारोहक कृत्रिम पायाने तेथवर चढून आला होता!

तेथे आजही दरवर्षी नोव्हेंबरातील स्मृतिदिनी लोक पायीच वर जातात आणि अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात. भूमी सर्वांची झाल्यामुळे वर जाण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मात्र असंख्य पावलांनी झिजणाऱ्या वाटा पुन्हा पुन्हा दगड बसवून सांभाळाव्या लागतात.

हे पाहताना आमच्या मनात आले ते आपले वीरगळ. कोठे ते पायरीला लागले, कोठे धुण्याचा दगड झाले. स्मारक उभारणाऱ्यांनी आपले काम केले. ते राखण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीच्या वाट्याला नव्याने येते. आपल्या गावचा एखादा वीरगळ उचलून नीट उभा करावयास कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही, असे आयुष्यभर आदेश काढण्यात घालवलेल्या आम्हांस तरी वाटते.